ढग : वरून आणि खालून

मुलांनो, हे पुस्तक क्षणभर मिटून ठेवा आणि वर्गाच्या खिडकीतून आकाशाकडे पाहा. ढग दिसतात का? किती आहेत? थोडे, पुष्कळ, की सगळे आकाशच झाकले आहे? ते कापसाच्या पुंजक्यांसारखे आहेत, की पिसांसारखे लांब ओढलेले? पाहिलेत? आता पुस्तक उघडा.

तुम्ही आता जे केले, ते जगातील हजारो शाळांतील मुले नेमाने करतात. ती नुसती पाहत नाहीत. पाहिलेले लिहून ठेवतात आणि शास्त्रज्ञांकडे पाठवतात. शास्त्रज्ञ ते वाचतात, बरे का! त्यांच्याजवळ आकाशात फिरणारे उपग्रह आहेत; पण उपग्रह ढगांकडे वरून पाहतात आणि आपण खालून पाहतो. ढग तोच, पण त्याची पाठ एकाला दिसते आणि पोट दुसऱ्याला. शाळेतील मुले आणि उपग्रहाचे शास्त्रज्ञ यांची ही जोडी कशी जमली, ते या पाठात वाचू.

त्याआधी आपल्या मॉरिशसची एक जुनी गोष्ट सांगते. तुमच्या आजीला किंवा पणजीला 'कॅरोल' हे नाव विचारून पाहा. हे कोणा बाईचे नाव नव्हे. २८ फेब्रुवारी १९६० रोजी आपल्या बेटावर जे भयंकर चक्रीवादळ आले, त्याचे हे नाव. क्रिओलमध्ये आपण ज्याला सिक्लोन म्हणतो, तेच हे चक्रीवादळ. त्या दिवशी वाऱ्याचा झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला होता. त्या काळी पुष्कळ घरे लाकडाची, पत्र्याची आणि गवताने शाकारलेली असत. ती उडून गेली. हजारो माणसे बेघर झाली. आज आपल्या गावात सिमेंटची इतकी घरे दिसतात, त्याचे एक कारण हे वादळ आहे.

वादळ समुद्रात नेमके कोठे आहे, केवढे आहे, हे तेव्हा कसे कळत असेल? एखादे जहाज वाटेत असले तर ते बिनतारी यंत्रावरून कळवी. दूरच्या बेटांवरून निरोप येई. हवेचा दाब किती उतरला, ते वायुभारमापकावर पाहत. बाकी सारा समुद्र आंधळाच. वरून पाहणारे कोणी नव्हते.

आणि पाहा, त्यानंतर जेमतेम एका महिन्याने, १ एप्रिल १९६० रोजी, अमेरिकेने 'टायरॉस-१' नावाचा उपग्रह सोडला. हवामान पाहण्यासाठी यशस्वी झालेला हा पहिला उपग्रह. आकाराने ढोलासारखा, वजनाने सुमारे १२० किलो, आणि त्यावर दूरचित्रवाणीचे दोन कॅमेरे. तो फक्त ७८ दिवस चालला. पण तेवढ्यात त्याने ढगांची सुमारे २३ हजार चित्रे पाठवली. चित्रे धूसर होती. तरी माणसाने प्रथमच पाहिले की ढग वाटेल तसे विखुरलेले नसतात. त्यांच्या रांगा असतात, भोवरे असतात, समुद्रभर पसरलेले पट्टे असतात. जमिनीवर उभे राहून हे कधी दिसले नसते.

पुढे उपग्रह वाढत गेले. १९९४ च्या फेब्रुवारीत हॉलांडा नावाचे चक्रीवादळ आले तेव्हा मी शाळेत होते. आम्ही सगळे एका खोलीत मेणबत्ती लावून रेडिओ ऐकत बसलो होतो. वादळ आता कोठे आहे, किती दूर आहे, हे रेडिओ सांगत होता. 'ह्यांना घरात बसून कसे कळते?' असे मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "वर एक डोळा आहे." मी घाबरलेच! उपग्रह हा शब्द मला नंतर कळला.

आज हिंद महासागरावर पाळत ठेवण्यासाठी युरोपचा मेटिऑसॅट हा उपग्रह आहे. तो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. इतक्या उंचीवर त्याची फेरी पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच पूर्ण होते. म्हणून तो आपल्याला एकाच जागी उभा असल्यासारखा वाटतो. दर १५ मिनिटांनी तो या भागाचे चित्र काढतो. वादळ पाहायला असा उपग्रह फार सोयीचा.

पण शास्त्रज्ञांना केवळ वादळे पाहायची नसतात. त्यांना साधेसुधे ढगही मोजायचे असतात. कशासाठी बरे?

तुम्ही उन्हात फुटबॉल खेळत आहात. घामाने निथळत आहात. इतक्यात सूर्यापुढे एक जाड ढग येतो. लगेच बरे वाटते ना? त्या ढगाने सूर्याचा प्रकाश वरच्या वर परत पाठवला. खालचा जाड ढग म्हणजे छत्री. आता थंडीतली, म्हणजे आपल्याकडची जुलै महिन्यातली रात्र आठवा. आकाश निरभ्र असले तर पहाटे गारठा पडतो. ढग असले तर तितका पडत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. ती वर निघून जाते. ढग असला तर तो ती अडवून काही खाली परत देतो. ढग म्हणजे गोधडी.

आता एकच ढग छत्री आणि गोधडी ही दोन्ही कामे करतो. पण सगळे ढग सारखी करत नाहीत. खालचे जाड ढग छत्रीचे काम जास्त करतात. फार उंचावरचे, पातळ, पिसांसारखे ढग ऊन बहुतेक सारे आत येऊ देतात, पण खालची उष्णता अडवून धरतात. ते गोधडीचे काम जास्त करतात. पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो. तेव्हा विचार करा, छत्र्या वाढल्या तर काय होईल आणि गोधड्या वाढल्या तर काय होईल! पृथ्वी किती तापते आहे आणि पुढे किती तापेल, हे ठरवायचे तर ढग कोणते, किती, किती उंचीवर, हे नीट माहीत हवे. अजूनही शास्त्रज्ञांना हा हिशेब अवघड जातो.

हा हिशेब ठेवण्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने 'सेरीस' नावाचे उपकरण बनवले. पृथ्वीवरून किती प्रकाश परत जातो आणि किती उष्णता बाहेर पडते, ते हे उपकरण मोजते. पहिले सेरीस उपकरण १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावरून सोडलेल्या उपग्रहावर होते. पुढे १९९९ साली 'टेरा' आणि २००२ साली 'ॲक्वा' हे उपग्रह गेले. त्यांच्यावर प्रत्येकी दोन सेरीस होती. टेरा म्हणजे जमीन आणि ॲक्वा म्हणजे पाणी. ही लॅटिन भाषेतील नावे आहेत. हे उपग्रह मेटिऑसॅटसारखे एका जागी उभे राहत नाहीत. सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून ते ध्रुवांजवळून पृथ्वीला फेऱ्या घालू लागले. एक फेरी ९९ मिनिटांत!

आता अडचण पाहा. उपग्रह कितीही चांगला असला तरी तो फसू शकतो.

समजा खाली बर्फ पडला आहे. आपल्याकडे पडत नाही, पण कॅनडात पडतो. पांढऱ्या बर्फावर पांढरा ढग. वरून पाहणाऱ्याला दोन्ही पांढरे. ढग कोणता आणि बर्फ कोणता? उपग्रहाला ऊब मोजता येते, पण बर्फही गार आणि ढगही गार. त्याच वेळी खाली शाळेच्या अंगणात उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा वर पाहतो आणि सहज सांगतो, "ढग नाही. आकाश निळे आहे."

किंवा समजा एक पातळ ढग फार उंचावर आहे आणि त्याच्या आरपार खालचा समुद्र दिसतो आहे. वरून पाहणाऱ्याला तो ढग निसटून जाऊ शकतो. खालून मात्र निळ्या आकाशावर त्याच्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात.

किंवा ढगांचे दोन थर आहेत. वरचा थर जाड असला तर उपग्रहाला फक्त वरचा दिसतो. खालचा जाड असला तर आपल्याला फक्त खालचा दिसतो. येथे दोघेही अर्धेच खरे. यासाठी २००६ साली 'कॅलिप्सो' नावाचा उपग्रह सोडला होता. तो लेसरचा बारीक किरण खाली सोडून ढगांचे थर किती उंचीवर आहेत ते मोजत असे. २०२३ साली त्याचे काम संपले.

मग शास्त्रज्ञांनी काय करावे? जगभर ठिकठिकाणी माणसे नेमावीत? इतके पगार कोण देणार! पण एक गोष्ट जगात सगळीकडे असते. ती म्हणजे शाळा. शाळेत मुले असतात, अंगण असते, घड्याळ असते, आणि सकाळी ठरलेल्या वेळी सगळे हजर असतात. (बहुतेक सगळे!) शिवाय मुलांना वर्गाबाहेर जायला सांगितले तर ती कधी नाही म्हणत नाहीत. हे मी अनुभवाने सांगते.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात नासाचे लँगले संशोधन केंद्र आहे. सेरीसचे काम तेथेच चाले. तेथील शास्त्रज्ञांनी जवळपासच्या शिक्षकांशी बोलून एक बेत आखला. उपग्रह शाळेवरून जाईल त्याच वेळी मुलांनी अंगणात येऊन ढग पाहावेत आणि लिहून पाठवावेत. १९९७ च्या जानेवारीत व्हर्जिनियातील एका वर्गाने हा प्रयोग पहिल्यांदा करून पाहिला. तेव्हा सेरीसचा उपग्रह उडालाही नव्हता. म्हणजे ती रंगीत तालीमच झाली. या उपक्रमाच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून 'स्कूल' असेच नाव तयार झाले. नाव ठेवणाऱ्याला शाबासकी द्यायला हवी.

हा उपक्रम वीस वर्षे चालला. अनेक देशांतील शाळा त्यात आल्या. २०१७ साली तो 'ग्लोब' नावाच्या मोठ्या उपक्रमात मिळवला गेला. ग्लोबची घोषणा २२ एप्रिल १९९४ या वसुंधरा दिनी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी केली होती आणि पुढच्या वसुंधरा दिनी, १९९५ साली, काम सुरू झाले. आज १०० हून अधिक देश त्यात आहेत. भारत २००० साली त्यात आला. ग्लोबमधील मुले ढगांबरोबर पाऊस, हवेचे तापमान, माती, पाणी आणि झाडेही मोजतात. २०१६ पासून कोणालाही मोबाइल फोनवरून ढगांचे निरीक्षण आणि छायाचित्र पाठवता येऊ लागले. २०१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर्वांना मुद्दाम आवाहन केले, तेव्हा एका महिन्यात ५० हजारांहून जास्त निरीक्षणे गोळा झाली!

आता निरीक्षण कसे करतात ते पाहू. हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. उपग्रह कधी वरून जाणार ते आधीच कळवलेले असते. त्या वेळेच्या १५ मिनिटे आधी किंवा १५ मिनिटे नंतर पाहिले तरी चालते. त्याहून उशीर झाला तर वारा ढगांना पुढे घेऊन जातो आणि आपण भलतेच ढग मोजतो. टेरा सकाळी साडेदहाच्या आणि ॲक्वा दुपारी दीडच्या सुमारास जाईल, अशी त्यांची कक्षा ठरवली होती. पुढे त्यांचे इंधन कमी झाले. २०२० नंतर कक्षा पूर्वीसारखी धरून ठेवता आली नाही. म्हणून टेरा थोडा थोडा लवकर आणि ॲक्वा थोडा थोडा उशिरा येऊ लागला. त्यामुळे वेळापत्रक पाहिल्याशिवाय अंगणात जायचे नाही.

वेळ लिहिताना आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा मुंबईत बारा वाजलेले असतात. प्रत्येकाने आपापली वेळ लिहिली तर गोंधळच होईल. म्हणून सगळे जण एकच जागतिक वेळ लिहितात. मॉरिशसचे घड्याळ तिच्यापेक्षा चार तास पुढे आहे. तेव्हा साडेदहातून चार वजा करा. किती आले? सहा वाजून तीस मिनिटे. हीच वेळ कागदावर लिहायची.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. झाडे आणि इमारती आड येणार नाहीत अशी जागा निवडावी. सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. सूर्य समोर असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे.

तिसरी गोष्ट, आकाशाचा किती भाग झाकला आहे? येथे सगळेच चुकतात. मोठी माणसेही चुकतात. ढग असतात त्याहून जास्त आहेत असे वाटते. पटत नाही? मग हा खेळ खेळून पाहा. एक निळा कागद घ्या आणि तेवढाच पांढरा कागद घ्या. पांढऱ्या कागदाचे दहा सारखे भाग करा. त्यातील तीनच भाग घ्या, त्यांचे लहानमोठे तुकडे फाडा आणि निळ्या कागदावर एकमेकांवर न येता विखरून चिकटवा. आता शेजारच्या मुलाला विचारा, "किती भाग झाकला आहे?" तो बहुधा 'अर्धा' म्हणेल. खरे उत्तर शंभरात तीस! आमच्या शिक्षक प्रशिक्षणात हा खेळ घेतला तेव्हा मी साठ म्हणाले होते. सगळे हसले होते.

आकाश मोजताना मनातल्या मनात त्याचे चार भाग करावेत. एकेका भागात किती ढग आहेत ते पाहावे आणि मग सर्व मिळून अंदाज करावा. दोघातिघांनी वेगवेगळा अंदाज करून मग बोलून ठरवले तर चूक कमी होते.

चौथी गोष्ट म्हणजे ढगाचा प्रकार. ढगांना नावे देण्याची आजची पद्धत लंडनमधील ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली मांडली. ते औषधे तयार करण्याचा व्यवसाय करीत आणि फावल्या वेळी ढग पाहत. त्यांनी लॅटिन नावे दिली, म्हणून ती सगळ्या देशांत चालतात. मराठीतही छान नावे आहेत. सिरस म्हणजे तंतुमेघ, उंचावरचे, धाग्यांसारखे. क्युम्युलस म्हणजे राशिमेघ, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. स्ट्रेटस म्हणजे स्तरमेघ, चादरीसारखे पसरलेले. ज्याच्या पोटात विजा चमकतात आणि गडगडाट होतो, तो गर्जन्मेघ. गर्जन्मेघ दिसला तर मात्र निरीक्षण राहू द्या आणि वर्गात पळा.

लहान लहान पुंजक्यांचे ढग किती उंचावर आहेत, हे हाताने ओळखता येते. हात लांब करून ढगावर धरा. ढगाचा एक पुंजका मुठीएवढा दिसला तर ढग खालचे. अंगठ्याएवढा दिसला तर मधले. करंगळीच्या नखाएवढा दिसला तर फार उंचावरचे. ले पूस हा आपला डोंगर अंगठ्यासारखा दिसतो, म्हणून फ्रेंचांनी त्याला अंगठा हेच नाव दिले. त्याच्यावर टेकलेला ढग मात्र अंगठ्याने मोजायची गरज नाही. डोंगर ८१२ मीटर उंच आहे आणि ढगाने त्याचे टोक झाकले आहे. तेव्हा ढगाचा तळ त्याहून खालीच आला, हे उघड आहे.

हे सगळे लिहून पाठवले की पुढे काय होते? उपग्रहाने त्याच वेळी काय पाहिले, ते शोधून काढतात. मग शाळेला उत्तर येते. त्या उत्तरात एका बाजूला शाळेचे निरीक्षण असते आणि दुसऱ्या बाजूला उपग्रहाचे. शेजारी शेजारी. कधी दोन्ही जुळतात. कधी जुळत नाहीत.

जुळले नाही की मुलांचे तोंड उतरते. 'आपले चुकले', असे त्यांना वाटते. उपग्रह एवढा मोठा, नासाचा, आणि आपण पाचवीतली मुले! मग पुढच्या वेळी मनात येते, आज उपग्रह काय म्हणेल, तेच आपण लिहू या.

असे केले तर सगळे कामच फुकट जाते. कसे, ते पाहा. शास्त्रज्ञांना उपग्रह कोठे फसतो ते शोधायचे आहे. कॅनडातील तो मुलगा "आकाश निळे आहे" असे लिहिण्याऐवजी, "उपग्रह ढग म्हणेल, म्हणून मीही ढग लिहितो" असे ठरवून बसला, तर उपग्रहाची चूक कोण दाखवणार? जुळणारी उत्तरे हवीतच. पण न जुळणारी उत्तरे शास्त्रज्ञ जास्त बारकाईने वाचतात. कधी मुलांचे चुकलेले असते, कधी उपग्रहाचे. कधी दोघांचेही बरोबर असते, कारण दोघांनी दोन वेगळे थर पाहिलेले असतात.

यावरून मला माझीच एक फजिती आठवते. मी शिक्षिका होण्यासाठी शिकत होते, तेव्हा रोज सकाळी पर्जन्यमापक पाहून पावसाचा आकडा वहीत लिहायचे काम माझ्याकडे होते. एकदा दोन दिवस मी विसरले. तिसऱ्या दिवशी वही दाखवायची होती. आदल्या आठवड्यात पाऊस होताच, म्हणून मी अंदाजाने दोन आकडे भरून टाकले. आमच्या सरांनी वही पाहिली. मग ते शांतपणे म्हणाले, "बाई, मंगळवारी मी अंगणात गाद्या वाळत घातल्या होत्या. बारा मिलिमीटर पाऊस माझ्या गाद्यांवर पडला नाही, तो तुमच्या वहीत कसा पडला?" त्यांनी तो आकडा खोडायला लावला आणि त्या जागी 'पाहिले नाही' असे लिहायला लावले. ते दोन शब्द मला फार लाज वाटायला लावणारे होते. पण पुढे कोणी ती वही वापरली असेल, तर त्याला फसवणारा आकडा मिळाला नाही.

पाहिले नाही आणि ढग नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आकाश स्वच्छ असले तर 'शून्य' लिहायचे. काही मुले अशा दिवशी निरीक्षणच पाठवत नाहीत. त्यांना वाटते, ढगच नाही तर पाठवायचे काय? पण शून्य हेही उत्तर आहे. उपग्रहाला त्या वेळी काही दिसले असेल, तर शास्त्रज्ञांना लगेच कळते की काहीतरी घोटाळा आहे.

आता आपल्या बेटाचा विचार करू. टेरा आणि ॲक्वा यांवरील सेरीस उपकरण एका वेळी जमिनीचा जो तुकडा पाहते, तो सरळ खाली पाहताना सुमारे २० किलोमीटर रुंद असतो. आपले बेट लांबीला सुमारे ६५ किलोमीटर. म्हणजे अशा तीन-चार तुकड्यांत बेटाची लांबी संपली! पोर्ट लुई आणि क्युरपिप ही दोन्ही एकाच तुकड्यात येऊ शकतात. आणि या दोन गावांचे आकाश कसे असते, ते तुम्हांला मी सांगायला नको. आग्नेयेकडून येणारा वारा समुद्रावरून बाष्प आणतो. मधल्या पठाराला तो अडतो, वर चढतो, थंड होतो आणि ढग बनतात. म्हणून क्युरपिपला छत्री घेऊन निघावे आणि पोर्ट लुईला उतरल्यावर ती उन्हासाठी उघडावी, असे कितीतरी वेळा होते. सेरीससाठी तो एकच तुकडा आहे. त्या उपग्रहांवर ढगांचे बारीक चित्र काढणारे दुसरे उपकरणही आहे आणि त्याची मदत घेतात. तरी खाली उभ्या असलेल्या माणसाने सांगितले, तर खात्री होते. अशा वेळी क्युरपिपच्या शाळेने 'पूर्ण झाकलेले' आणि पोर्ट लुईच्या शाळेने 'शंभरात दहा' असे लिहिले, तर दोन्ही शाळांचे बरोबर. एका शाळेने दुसरीला फोन करून आकडा जुळवून घेतला, तर दोन्हींचे चूक.

आमच्या शेजारच्या आजी दररोज सकाळी दारात उभ्या राहून डोंगराकडे पाहतात आणि आज कपडे धुवायचे की नाही ते ठरवतात. त्यांना टेरा माहीत नाही आणि ॲक्वाही माहीत नाही. क्रिओलमध्ये 'न्याज', मराठीत 'ढग', एवढीच त्यांची नावे. पण त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो, कारण त्या रोज पाहतात आणि एकाच जागेवरून पाहतात. मी त्यांना म्हटले, "आजी, तुम्ही हे रोज लिहून ठेवा." त्या म्हणाल्या, "लिहायला तू आहेस ना!" तेव्हापासून ती वही माझ्याकडे आहे. आजी सांगतात आणि मी लिहिते.

तुमच्या वर्गातही अशी एक वही करा. तारीख, जागतिक वेळ, किती आकाश झाकले, कोणते ढग, आणि पाहणाऱ्याचे नाव, असे पाच रकाने आखा. रोज दोघांची पाळी लावा. मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटे अंगणात जाऊन या. गुरुजींना किंवा बाईंना विचारून जा. आणि ज्या दिवशी पाळीची दोन्ही मुले गैरहजर असतील, त्या दिवशी रकाना मोकळा ठेवून तेथे काय लिहायचे, ते आता तुम्हांला ठाऊक आहेच.